लहान, हातात मावणारा टॅब्लेट खरोखर उपयोगी पडतो का?

वाचनखूण यांचा प्रश्न

नमस्कार. सात ते नऊ इंची पडद्याचा, एका हाताने धरता येईल असा टॅब्लेट घ्यावा की घेऊ नये, या विचारात मी बरेच दिवस अडकलो आहे. माझ्याकडे ६.७ इंची पडद्याचा फोन आहे आणि कामाचा लॅपटॉपही आहे, त्यामुळे टॅबवाचून माझे काही अडले आहे असे नाही. तरीही दिवसातला बराच वेळ असा जातो की फोनचा पडदा अपुरा पडतो आणि लॅपटॉप उघडून बसणे जिवावर येते. मला प्रामुख्याने पीडीएफ स्वरूपातले लेख आणि अहवाल वाचायचे असतात, वाचताना समासात दोन-चार खुणा करायच्या असतात आणि रात्री आडवे पडून पुस्तक वाचायचे असते. बारीक अक्षरांसाठी चष्मा लागू लागल्यापासून फोनवरचे वाचन मला नकोसे झाले आहे.

ज्यांच्याकडे असा टॅब आहे, त्यांची मते मात्र दोन टोकांची आहेत. काहींचे त्याच्यावाचून पान हलत नाही, तर काहींचा टॅब खणात पडून असतो आणि कोणी पाहुणे लहान मूल घेऊन आले की तेवढ्यापुरता बाहेर निघतो. कोणते मॉडेल घ्यावे, हे मी आज विचारत नाही. फोन स्वतःच वाढत वाढत पावणेसात इंचांवर पोहोचला असताना या मधल्या आकाराला काही कारण उरले आहे का, आणि दीड इंचाच्या फरकाने वापरात नेमके काय बदलते, एवढेच जाणकारांनी सांगावे.

टिपणकार

दीड इंच हा आकडा फसवा आहे, कारण तो पडद्याच्या कर्णाचा असतो आणि आपण वाचतो ते कर्णावर नव्हे, रुंदीवर. फोन उंच आणि अरुंद असतो. ६.७ इंची फोनचा पडदा जेमतेम सात सेंटिमीटर रुंद भरतो. याउलट २०२१ साली आलेल्या ८.३ इंची आयपॅड मिनीचा पडदा उभा धरला तर सुमारे साडेअकरा सेंटिमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ काढले तर ते फोनच्या जवळजवळ दुप्पट येते. त्यामुळे अक्षरांचा आकार वाढवूनही एका ओळीत पुरेसे शब्द मावतात. फोनवर तेवढाच आकार ठेवला की ओळ तीन-चार शब्दांत संपते आणि डोळ्यांना सतत डावीकडे परतावे लागते. फोनवरच्या वाचनाचा थकवा पुष्कळदा अक्षरांच्या बारीकपणापेक्षा या परतण्यामुळे येतो, असे माझे मत आहे.

आता आपल्या पीडीएफकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. ईपब स्वरूपातले पुस्तक पडद्याप्रमाणे स्वतःला बसवून घेते; पीडीएफचे पान मात्र छापील कागदासारखे ताठ असते. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. तो ११६ मिलिमीटरच्या पडद्यावर पूर्ण बसवला, तर पान सुमारे ५५ टक्क्यांवर येते, म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर साडेसहा पॉइंटचे होते. इंग्रजी मजकूर त्या आकारात कसाबसा वाचता येतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर आणि खाली मात्रा-उकारांची गर्दी असते, त्यामुळे अनुस्वार दिसेनासे होतात आणि ‘ष्ट्य’सारखी जोडाक्षरे अंदाजाने वाचावी लागतात. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांनी या वाटेला जाऊच नये.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही साधे आहेत. पहिला उपाय म्हणजे समास कापणे. बऱ्याच पीडीएफ वाचकांमध्ये पानाचा कोरा भाग छाटून फक्त मजकूर दाखवण्याची सोय असते. दोन्ही बाजूंचा पंचवीस-पंचवीस मिलिमीटरचा समास गेला, की मजकुराची रुंदी १६० मिलिमीटर उरते आणि तेच १२ पॉइंटचे अक्षर पावणेनऊ पॉइंटच्या आसपास येते, जे एखाद्या दाट छापलेल्या पुस्तकाइतके आहे. दुसरा उपाय म्हणजे टॅब आडवा धरणे. आडव्या पडद्याची रुंदी साडेसतरा सेंटिमीटर होते, त्यामुळे समास कापलेला मजकूर कागदावर होता त्याच आकारात, किंबहुना किंचित मोठा दिसतो. पान मात्र दोन-तीन टप्प्यांत सरकवत वाचावे लागते. दोन स्तंभांच्या शोधनिबंधात याचा जाच होतो, कारण डावा स्तंभ तळापर्यंत वाचून झाला की उजव्यासाठी पुन्हा वर जावे लागते. अशा वेळी टॅब उभा धरून एकच स्तंभ पडद्याच्या रुंदीला बसवावा. अक्षर मूळ आकाराहून मोठे दिसते आणि वर-खाली सरकण्याचा त्रास तेवढा उरतो.

वजनाविषयीही सांगायला हवे. लहान टॅब ३०० ग्रॅमच्या आसपास असतो, तर दहा-अकरा इंची टॅब बहुधा ४५० ते ५०० ग्रॅमचा असतो. दुकानात उभ्याउभ्या हाताळताना हा फरक जाणवत नाही. आडवे पडून तोंडासमोर धरला की अर्ध्या तासात मनगट बोलू लागते. आपल्या गरजा पाहता माझे उत्तर निःसंदिग्धपणे ‘घ्या’ असे आहे.

जुनेखोड

टिपणकारांचे गणित बिनचूक आहे, पण त्यातून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही. हा आकार कसा जन्माला आला, ते आधी पाहावे. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सात इंची छोट्या संगणकांची कल्पना पुढे आणली. त्यांवर पूर्ण विंडोज चालायची, बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकायची आणि बोटाने टिपता येणार नाहीत एवढी बारीक बटणे त्यांवर असायची. २०१० मध्ये पहिला आयपॅड ९.७ इंची आला. त्याच वर्षी सॅमसंगने सात इंची टॅब आणला, तेव्हा ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी असे टॅब वापरायचे तर बोटे घासून बारीक करण्यासाठी सोबत सॅंडपेपरही द्यावा लागेल, अशा अर्थाची टर उडवली होती. पुढे दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, त्यांच्याच कंपनीने ७.९ इंची आयपॅड मिनी बाजारात आणला. त्याच वर्षी आसुसने बनवलेल्या गूगलच्या सात इंची नेक्सस ७ ला चांगली मागणी आली होती.

मात्र २०१२ साली फोन केवढे होते, हे विसरता कामा नये. त्या वर्षीच्या आयफोन ५ चा पडदा चार इंची होता. चार इंचांवरून सात-आठ इंचांवर जाणे ही मोठी झेप होती, म्हणून तो टॅब तेव्हा उपयोगी पडला. फोन वाढत गेले तशी त्याची जागा आपोआप आक्रसत गेली. नेक्सस ७ ची दुसरी आवृत्ती २०१३ मध्ये आली, तिसरी आलीच नाही. आयपॅड मिनीदेखील २०१५ नंतर थेट २०१९ मध्ये नवा झाला. बनवणारेच ज्या वस्तूकडे चार-चार वर्षे वळून पाहत नाहीत, तिच्यासाठी ॲप बनवणारे तरी कशाला कष्ट घेतील? इन्स्टाग्रामसारख्या जगभर चालणाऱ्या ॲपची आयपॅडसाठीची खास आवृत्ती यायला २०२५ उजाडावे लागले. अँड्रॉइडवरची अनेक ॲपे आजही टॅबवर फोनचाच मांडव ताणून उभा करतात.

आणखी एक गोष्ट. वाचनाचे सोडून द्या, लिहिण्याचे पाहा. टॅब आडवा धरून कीबोर्ड उघडला, की निम्मा पडदा कीबोर्डच गिळतो आणि वर मजकुराच्या चार-पाच ओळी उरतात. दहाही बोटांनी टंकायला तो कीबोर्ड अरुंद पडतो आणि अंगठ्यांनी टंकायला रुंद पडतो. ज्याच्याकडे मोठा फोन आणि हलका लॅपटॉप आहे, त्याने तिसऱ्या उपकरणाचे चार्जिंग, अपडेट आणि पासवर्ड सांभाळण्याचा व्याप कशासाठी वाढवावा, हे मला कळत नाही. टॅब खणात जातो तो यामुळेच. त्याची बॅटरी संपते, लावू-लावू म्हणत चार्जिंगला लावायचे राहते, आणि हवा असतो त्या क्षणी तो बंद असल्यामुळे आपण फोनच उचलतो.

सर्वेक्षक

चर्चा खुर्चीत बसणाऱ्यांभोवतीच फिरते आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. मी घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्याचे काम करतो आणि आमचे सगळे अर्ज ओडीके या ॲपवर भरले जातात. नेटवर्क नसले तरी अर्ज उपकरणात साठून राहतात आणि नेटवर्क मिळाले की पुढे जातात. केनियाने २०१९ ची जनगणना कागद बाजूला ठेवून टॅबवरच केली होती, त्यामुळे ही पद्धत आता नवलाची उरलेली नाही.

आमच्या कामात उभ्याने लिहावे लागते. टॅबच्या मागच्या पट्ट्यात डावा पंजा अडकवायचा, टॅब कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि उजव्या हाताने टिपत जायचे. अकरा इंची टॅब असा धरला तर थोड्याच वेळात खांदा भरून येतो. फोनवर एका वेळी एखाद-दुसराच प्रश्न दिसतो, त्यामुळे समोरच्याने मधेच आधीच्या उत्तरात दुरुस्ती सांगितली की मागे-पुढे सरकण्यात त्याच्याकडचे लक्ष उडते. आठ इंचांवर पाच-सहा प्रश्न एकत्र दिसतात आणि झालेल्या नोंदी समोरच्या माणसालाही दाखवता येतात. नावे टंकण्याचा प्रश्न जुनेखोड यांनी काढला आहे, पण टॅब उभा धरून पाहावा. दोन्ही अंगठे कीबोर्डच्या मध्यापर्यंत सहज पोहोचतात. अकरा इंचांवर ते पोहोचत नाहीत.

दोष सांगायचे तर उन्हाचा दोष मोठा आहे. चांगल्या फोनच्या मानाने बहुतेक टॅबचा पडदा मंद असतो, त्यामुळे भर दुपारी अंगाची सावली पाडूनच वाचावे लागते. उष्णतेचेही तसेच आहे. ॲपल आपल्या आयपॅडसाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचेच हवामान योग्य मानते. त्यापुढे उपकरण तापले की पडदा आणखी मंदावतो आणि चार्जिंग थांबते. लहान विमानांचे वैमानिक मांडीवर पट्ट्याने टॅब बांधून त्यावर नकाशे पाहतात, आणि तिथेही हाच लहान आकार पसंत केला जातो, कारण मोठा टॅब विमान चालवण्याच्या दांड्याच्या आड येतो. तेव्हा उभ्याने, चालताना किंवा अडचणीच्या जागेत काम करणाऱ्यांना या आकाराचे मोल विचारावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाचनखूण

सर्वांचे मनापासून आभार. जुनेखोड यांचा आक्षेप मला पटतो, पण तो लेखनाला जितका लागू पडतो तितका वाचनाला लागू पडत नाही, असे वाटते. मला टॅबवर लांबलचक काही लिहायचे नाही. घ्यायचाच ठरवला तर डोळ्यांत तेल घालून काय तपासावे, आणि वाचनापुरताच विचार असेल तर ई-इंकचे, म्हणजे किंडलसारखे कागदासम पडद्याचे, वाचक यंत्र अधिक बरे नाही का, या दोन शंका उरल्या आहेत.

दोनबोटे

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो. इंचांच्या आधी पडद्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण पाहा. सोळास दहा किंवा त्याहून लांबट पडदा चित्रपटांना सोयीचा असतो. पानासाठी तीनास दोन किंवा चारास तीन चांगले. अंतर्गत स्मृतीबाबत तडजोड करू नका. स्वस्त टॅबमध्ये तीन-चार जीबी रॅम आणि ईएमएमसी नावाची जुन्या धाटणीची, मंद साठवण असते, त्यामुळे शंभर पानांचा स्कॅन केलेला अहवाल उघडला की प्रत्येक पान उलटताना थांबावे लागते. सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळणार, हे कंपनीच्या संकेतस्थळावर लेखी सापडत नसेल तर तो टॅब सोडून द्यावा. माझ्या जुन्या टॅबचे अपडेट दुसऱ्याच वर्षी बंद झाले. यंत्र ठणठणीत होते, पण बँकेचे ॲप त्यावर चालेनासे झाले.

दोन गोष्टी जाहिरातीत कधीच ठळक नसतात. ज्या आयपॅडमध्ये सिमची सोय नसते, त्यात जीपीएसही नसते, त्यामुळे रस्ता दाखवण्याच्या कामी तो एकटा पुरा पडत नाही. आणि अँड्रॉइड टॅबमध्ये वाइडवाइन या चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या प्रणालीची एल१ ही सर्वांत वरची पातळी नसेल, तर पडदा कितीही चांगला असला तरी चित्रपट पुरवणाऱ्या अनेक सेवा त्यावर पूर्ण स्पष्टतेने दिसत नाहीत. आपल्याला यातले काही नको असेल, तर हा परिच्छेद विसरून जावा.

जुनेखोड

वाचनापुरता हट्ट सोडतो. पण मग टॅबवर सूचनांची घंटी वाजवणारे एकही ॲप टाकू नये. नाहीतर तो दुसरा फोनच होऊन बसेल, आणि वाचन पुन्हा बाजूलाच राहील.

टिपणकार

ई-इंकबद्दल: कथा-कादंबऱ्या आणि ईपब हेच वाचन असेल, तर ई-इंकला तोड नाही. पडदा कागदासारखा दिसतो, उन्हात उलट अधिक स्पष्ट होतो आणि बॅटरी काही आठवडे टिकते. पण सहा-सात इंची ई-इंकवर ए४ पीडीएफची गत वर सांगितल्याहून वाईट होते, आणि पान मोठे करून सरकवताना पडदा दर वेळी थबकत, लुकलुकत नव्याने रंगतो. आलेख आणि तक्ते असलेले अहवाल त्यावर वाचणे म्हणजे शिक्षाच. आपल्या वाचनात अहवालांचा वाटा मोठा आहे, म्हणून आपल्यासाठी टॅबच योग्य. शक्य असेल तर कोणा परिचिताचा टॅब एखाद्या संध्याकाळपुरता मागून घ्यावा, आपलाच एखादा दोन-स्तंभी लेख त्यावर उघडावा, समास कापावा आणि आपल्या नेहमीच्या चष्म्याने शेवटच्या पानापर्यंत वाचून पाहावा. दुकानातल्या टॅबवर आपली फाइल उघडून तासभर वाचत बसू देत नाहीत.