अल्पपरिचय, ओळख की बायोडाटा? आणि 'कार्यरत'चं काय करायचं?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या पहिली-दुसरीला वाचन शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांचा एक गट आहे, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो (कलामसाहेबांचा वाढदिवस) तेव्हा आम्ही छोटी पुस्तिका काढणार आहोत, त्यात प्रत्येकाबद्दल पन्नास-साठ शब्द द्यायचेत. ह्या मजकुराला नेमकं म्हणायचं काय? मी 'बायोडाटा पाठवा' म्हटलं तर दोघींनी जन्मतारीख, वडिलांचं नाव असं सगळं पाठवलं, कारण आमच्याकडे बायोडाटा म्हटलं की स्थळाचाच डोळ्यासमोर येतो. आणि जवळजवळ प्रत्येकाने लिहिलंय 'अमुक शाळेत कार्यरत आहेत', ते मला फार खटकतंय.

मालवणहून:
'अल्पपरिचय' चालेल की, पण तो शब्द सत्काराचा झालाय, शाल-श्रीफळाच्या आधी सूत्रसंचालक वाचतो तो. मी साधं 'ओळख' म्हणेन. आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न 'तू खंयचो?', म्हणजे गाव, वाडी कळली की मगच पुढचं बोलणं. तसंच गावापासून सुरू करा, पदवी मागाहून येऊंदे.

दापोलीहून:
परिचय म्हणजे परि + चि, भोवती गोळा करणं, संचय मधला 'चय' तोच. त्यामुळे परिचयात माणसं सगळं गोळा करतात, डीएड, बीएड, प्रशिक्षणं, पुरस्कार. साठ शब्दांत ते मावत नाही आणि मुलांबरोबर काय करता तेवढंच राहून जातं. 'कार्यरत'चा मूळ अर्थ चांगला आहे हो, 'रत' म्हणजे रमलेला. पण आता त्याचा अर्थ नुसता 'नोकरीला आहे' एवढाच उरलाय. त्याऐवजी 'शिकवतात' लिहा ना, क्रियापद आहे ते, काम दिसतं त्यात.

सावंतवाडीहून:
बरोबर. 'उपक्रमशील' पण काढाच, तो उपक्रम कुठला ते सांगा. आणखी एक, 'वाचन' शब्द 'वच्' म्हणजे बोलणं ह्या धातूवरनं आलाय, अक्षरांना बोलतं करणं, आणि आपण पहिलीत दुसरं काय करतो? घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातलं 'कुठे' वाचताना ते आपलंच 'खंय' आहे हे जी बाई कळू देते तिच्या ओळखीत ते यायलाच हवं.

मूळ प्रश्न विचारणारी:
पटलं. 'ओळख' ठरलं. पण अजून एक अडतंय, स्वतःबद्दल 'त्या शिकवतात' असं आदरार्थी लिहायला बायांना लाज वाटते आणि 'ती शिकवते' छापायला मला बरं वाटत नाही.

दापोलीहून:
मग 'मी' लिहू द्या. मराठीत तृतीयपुरुषी लिहिलं की आदराचं बहुवचन आलंच, आणि स्वतःच स्वतःला 'त्या' म्हणणं अवघडच. 'मी'ने तो प्रश्नच जातो.

मूळ प्रश्न विचारणारी:
हा एक नमुना टाकते बघा:
'मी वेंगुर्ल्याची. खाडीपलीकडच्या वाडीतल्या शाळेत बारा वर्षं पहिलीला शिकवते. मुलं आधी मालवणीत गोष्ट सांगतात, मी ती फळ्यावर तशीच लिहिते, मग तीच आम्ही वाचतो. नंतर पुस्तकातली गोष्ट. माशांची नावं मला मुलांनी शिकवली.'

मालवणहून:
शेवटचं वाक्य अजिबात कापू नका, शब्द वाढले तरी चालतील.