फायबर: कंपनीने दिलेला राउटर ठेवू की स्वतःचा घेऊ?

कराडकर_७९
नमस्कार मंडळी. कराडला आमचं दोन मजली जुनं घर, खालच्या भिंती दगडी, वरचा मजला नंतर विटांत चढवलेला. दीड वर्ष झालं फायबर घेऊन, १५० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीचा डबा (राउटर) हॉलमध्ये टीव्हीच्या मागे बसवलाय, कारण वायर आत घ्यायला खिडकी तिथे होती आणि लावायला आलेला पोरगा घाईत होता. हॉलमध्ये मोबाईलवर टेस्ट केली की १३५-१४० येतात, वरच्या खोलीत ८, कधी ५, कधी नुसतंच गोल फिरत राहतं. बायको वर बसून ऑफिसचं काम करते, कॉल तुटायला लागला की लॅपटॉप घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसते, घरात आलेल्या माणसाला वाटतं काहीतरी बिनसलंय.

कस्टमर केअर म्हणतं लाइन ओके आहे, पाहिजे तर मोठा राउटर देतो, महिना १०० रुपये भाडं. ओळखीचा कॉम्प्युटरवाला म्हणतो भाडं कशाला भरता, ३५०० मध्ये वायफाय ६ वाला घ्या आणि कंपनीचा डबा काढून फेका. पण आईचा लँडलाइन त्याच डब्याला जोडलाय. आणि उद्या नेट गेलं की कंपनी म्हणणार राउटर तुमचा, तुमचं तुम्ही बघा. काय करू?

तारांचा_गुंता
डबा काढून फेकता येत नाही हो, अर्धवट सांगितलंय त्यांनी. डब्याच्या मागे बघा, एक बारीक वायर हिरव्या टोकाने आत गेलेली असेल. तिच्यातून वीज येत नाही, प्रकाश येतो, आणि त्या प्रकाशाचा लॅपटॉप-मोबाईलला कळेल असा डेटा करणारं यंत्र, त्याला ओएनटी म्हणतात, ते त्याच डब्यात आहे. दुकानातल्या साध्या राउटरला ते हिरवं टोक घालायला जागाच नसते. वर त्या ओएनटीचा नंबर कंपनीच्या सिस्टिममध्ये नोंदवलेला असतो, म्हणजे बाजारातून दुसरा ओएनटी आणला तरी त्यांनी नोंदवल्याशिवाय तो चालायचा नाही. तेव्हा डबा राहणारच, प्रश्न एवढाच की वायफाय त्याच्याकडून घ्यायचं का दुसऱ्याकडून.

दोन रस्ते आहेत. एक, डबा ब्रिज मोडला टाकायचा, मग तो फक्त प्रकाशाचं काम करतो आणि लॉगिनपासून वायफायपर्यंत सगळं तुमचा राउटर बघतो. यात लँडलाइन बहुतेक ठिकाणी चालू राहतो कारण आवाजाची सोय डब्यात वेगळी असते, पण "बहुतेक" या शब्दावर आईचा फोन टांगू नका, आधी विचारून घ्या. दुसरा रस्ता सोपा. डब्याला हातच लावायचा नाही, त्याच्या लॅन पोर्टमधून (मागे केबल लावायची जागा) एक केबल वर न्यायची आणि वर तुमचा राउटर एपी मोडमध्ये लावायचा, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो. तुमच्या केसला मी डोळे झाकून दुसरा म्हणेन, कारण तुमची लाइन चांगली आहे, वाईट आहेत त्या भिंती. दगडातून वायफायचं ५ गिगाहर्ट्झचं सिग्नल फारसं जात नाही, २.४ चं जातं पण हळू आणि शेजारपाजारच्यांच्या वायफायशी मारामारी करत. भाड्याचा मोठा राउटर त्याच टीव्हीच्या मागे बसला तर १०० रुपये भरून बायको त्याच पायरीवर.

आणि कोणी रिपीटर (आलेलं वायफाय पकडून पुढे पसरवणारं यंत्र) सुचवेल, तो वरच्या खोलीत तर अजिबात लावू नका. तिथे पोचतायत ८, तो बिचारा ८ चेच पुढे वाटणार.

वैतागलेला_डोंबिवलीकर
वरच्यांशी सहमत, फक्त केबल नीट बघून घ्या. मी हौसेने महागडा राउटर आणला, २०० चा प्लॅन, आणि टेस्टला दरवेळी ९४. सकाळी ९४, रात्री ९४. महिनाभर कंपनीशी भांडलो, राउटर दुकानात बदलून आणला, तरी ९४. शेवटी ऑफिसमधल्या एका मित्राने केबलचं टोक उजेडात धरून दाखवलं, आठ पिना आणि आत वायरी चारच! ज्याने टोक मारलं त्याने चार वायरी वाचवल्या होत्या. चार वायरींवर १०० एमबीपीएसचीच लिंक होते, गिगाबिटला (म्हणजे १००० ला) आठही लागतात. राउटरची काहीच चूक नव्हती, पैसे मात्र त्याचे गेले. अजून एक, काही डब्यांत सगळे पोर्ट गिगाबिट नसतात, जीई लिहिलेला पोर्ट घ्या, एफई लिहिलेला १०० चा.

कराडकर_७९
धन्यवाद. म्हणजे भिंतीलाच शिव्या घालायच्या. पण जबाबदारीचं काय? नेट गेलं की कंपनी हात वर करणार नाही ना?

लाल_दिवा
मी लोकल ऑपरेटरकडे लाइनचं काम करतो, आतली गोष्ट सांगतो. हात वर करणारे करतात, खोटं कशाला बोलू. पण डबा आमचा आणि तो चालू असेल तर सुटायला दोन मिनिटं लागतात. तक्रार करायच्या आधी स्वतःचा राउटर बाजूला काढा आणि लॅपटॉप केबलने थेट आमच्या डब्याला लावा. तिथेही नेट नसेल तर "थेट डब्याला लावून बघितलंय" असं सांगायचं, मग समोरच्याला पळवाट राहत नाही. ब्रिज केला असेल तर हे जमत नाही, लॅपटॉपवर युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करावं लागतं, आणि ते पासवर्ड गिऱ्हाइकाकडे कधीच नसतात, म्हणून ब्रिज करणार असाल तर आधी लिहून घ्या.

डब्यावर लॉसचा (प्रकाश पोचत नसल्याचा) लाल दिवा लागला तर तो शंभर टक्के आमच्या बाजूचा प्रश्न किंवा घरातली वायर दुमडली. डब्याच्या सेटिंगच्या पेजवर ऑप्टिकल पॉवर (आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद) दिसते, ती उणे २० डीबीएमच्या आसपास असली की मी निवांत, उणे २७ च्या पलीकडे गेली की नेट येणार-जाणार. सोफा सरकवताना पायाखाली वायर घेणारे लोक मी रोज बघतो. त्या हिरव्या टोकाला बोट लावू नका आणि आत डोकावून तर मुळीच बघू नका.

गुहागरचा_मुलगा
थोडं उलट मत. आईवडील गावी, मी पुण्यात. मी मोठ्या उत्साहात त्यांच्याकडे स्वतःचा राउटर लावला. मग रोज रात्री फोनवर "बाबा निळा दिवा लागलाय का? त्याच्या शेजारचा? नाही, तो इन्व्हर्टरचा झाला." दोन डबे, दोन अडॅप्टर, आणि बाबा दरवेळी चुकीचा काढायचे. शेवटी माझा राउटर परत आणला. मागच्या पावसाळ्यात वीज पडली, कंपनीचा डबा गेला, त्यांनी बदलून दिला. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून येतेच ना. माझा असता तर माझे गेले असते. म्हातारी माणसं एकटी असतील तर कंपनीचाच बरा, वायफाय थोडं कमी मिळालं तरी चालेल.

लाइट जात असेल तर मिनी यूपीएस घेताना दोन आउटपुटवाला घ्या, आणि दोन्ही अडॅप्टरांवरचे व्होल्ट-अँपिअर वाचून मगच.

बर्लिनमधला_पुणेकर
इकडे जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे, कंपनी स्वतःच्या राउटरची सक्ती करू शकत नाही, लॉगिनची माहिती मागितल्याशिवाय द्यावी लागते. स्वातंत्र्य मिळालं, मी थाटात स्वतःचा घेतला, आणि बिघडला की थाटात स्वतःच दुरुस्त करत बसतो.

कराडकर_७९
झालं एकदाचं, रिपोर्ट देतो. कॅट ६ केबल १८ मीटर लागली, जिन्याच्या कडेने पट्टीतून वर नेली, टोकं मारताना मी शेजारी उभा राहून आठ वायरी मोजल्या (तो पोरगा माझ्याकडे विचित्र बघत होता). राउटर २२०० चा साधा घेतला, वायफाय ६ चा हट्ट सोडला. पहिल्या दिवशी मात्र सगळंच बंद पडलं, कारण राउटरला एपी मोडचं वेगळं बटण नव्हतं, वॅन (बाहेरून नेट आत घ्यायचा पोर्ट) सोडून लॅन पोर्टला केबल लावली, आणि दोन्ही डब्यांचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१. राउटरचा पत्ता १.२ केला, त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, मग चाललं. वर आता १२० येतात, लँडलाइन जसाच्या तसा. भाड्याच्या राउटरला नाही म्हणून कळवलं.

एकच विचारायचंय, खाली-वर वायफायचं नाव एकच ठेवू का वेगवेगळं? सध्या वेगळं आहे आणि माझा फोन वर जाऊन पण खालचंच धरून बसतो.

तारांचा_गुंता
नाव एकच, पासवर्ड एकच, सिक्युरिटीचा प्रकारही तोच. फक्त २.४ चे चॅनल वेगळे ठेवा, खाली १ तर वर ६ किंवा ११. तरीही फोन खालचंच धरून बसला तर खालच्या डब्याची वायफाय पॉवर थोडी कमी करून बघा, दगडी भिंत आता तुमच्याच कामाला येईल.