पॉलिशच्या आधीचे किटण : गाडीच्या रंगात रुतलेली रस्त्याची घाण तुम्ही कशी काढलीत?

पंचरंगी

दिवाळीच्या साफसफाईसाठी माळा रिकामा करताना जुन्या ट्रंकेच्या तळाशी एक टेरी टॉवेल सापडला. एके काळी तो पिवळा असावा. त्याच्या निम्म्या भागावर विटकरी-गुलाबी डाग पसरलेला आहे आणि त्या डागातून काळे फराटे गेले आहेत. आईने तो टाकून द्यायला सांगितले; मला मात्र तो हातात घेताच 1997 सालच्या खंडेनवमीची आदली रात्र आठवली.

आमच्या आप्पांचे चार यंत्रमाग होते, त्यामुळे घरात टॉवेलांना तोटा नव्हता. विणीत दोष राहिलेला माल घरीच वापरला जाई. त्या वर्षी त्यांनी एक जुनी लाल मारुती 800 घेतली होती. नवरात्रात आम्ही तिच्यातून तुळजापूरला जाऊन आलो, आणि वाटेत रस्त्याचे डांबरीकरण चालू असल्यामुळे दारांच्या खालच्या बाजूला काळ्या ठिपक्यांची रांगोळी उमटली. सकाळी मागांबरोबर गाडीचीही पूजा व्हायची असल्याने आप्पांनी रात्रीच तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतले, ती पुसली आणि डबीतले रबिंग कंपाउंड लावून टॉवेलने जोरजोरात घासायला सुरुवात केली. वीज गेलेली होती आणि बॅटरी मी धरली होती. टॉवेलाखालून बारीक करकर ऐकू येत होती. मी विचारले तेव्हा आप्पा म्हणाले, ‘‘चमक यायलीय, म्हणून आवाज येतो.’’

सकाळी उन्हात पाहिले तर बॉनेटवर कोळ्याने जाळे विणावे तसे गोल गोल ओरखडे पडले होते. त्या गाडीच्या साध्या लाल रंगावर पारदर्शक थर नव्हता, म्हणून रंगच टॉवेलवर उतरला होता. आप्पा काही बोलले नाहीत; त्यांनी झेंडूची माळ नेहमीपेक्षा तिरकी बांधली, एवढेच. नंतर ओळखीच्या पेंटरमामांनी गाडी पाहून सांगितले, ‘‘मालक, तुम्ही पॉलिश नाही केलं, वाळू फिरवली.’’

आता माझ्याकडे गर्द निळी गाडी आहे आणि दर आठवड्याला पंढरपूरला जाणे-येणे असते. धुऊन आणल्यावरही दारांचा खालचा भाग हाताला खरखरीत लागतो. पॉलिश करण्याआधी हे किटण कसे काढावे, याचे आपापले अनुभव कृपया लिहावेत. फसलेले प्रयोग अधिक उपयोगी पडतील.

होटगी रोड

धुतलेल्या ओल्या गाडीवर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात चढवून अलगद तळवा फिरवावा. नुसत्या बोटांना जे गुळगुळीत वाटते, तेच पिशवीतून बारीक रव्यासारखे टोचते. मी प्रथम ही परीक्षा केली तेव्हा माझ्या ‘स्वच्छ’ गाडीचे छतसुद्धा नापास झाले.

पिस्टन

मी बारा वर्षे डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. हल्लीच्या गाड्यांवर सगळ्यांत वर जो पारदर्शक थर असतो, ज्याला आम्ही क्लिअर किंवा लॅकर म्हणतो, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणे म्हणजे त्याच थरातले एक-दोन मायक्रॉन खरवडून तो सपाट करणे. तिथे वाळूचा एक कण जरी पॅडखाली राहिला, तरी यंत्र त्या कणाला मिनिटाला शेकडो वेळा त्याच जागी गरगर फिरवते. आप्पांनी जे टॉवेलने रात्रभरात केले, ते यंत्र अर्ध्या मिनिटात करून दाखवते.

म्हणून आधी गाडीला हात न लावता भरपूर पाण्याने सुटी माती पाडावी. मग शाम्पूचा फेस चार-पाच मिनिटे ठेवून धुवावा आणि त्यानंतरच गाडी धुण्याचा मऊ हातमोजा घ्यावा. साबणाच्या पाण्याची बादली वेगळी आणि मोजा खळबळायची बादली वेगळी ठेवावी. छतापासून खाली यावे. दारांचा तळ आणि बंपर शेवटी घ्यावेत, कारण खरी वाळू तिथेच असते. हे झाल्यावर जे उरते ते धुण्याने निघणारे नसतेच. डांबर द्रावकाने विरघळवावे लागते, लोखंडाच्या कणांसाठी वेगळे रसायन लागते आणि तरीही जे शिल्लक राहते ते क्ले बारने, म्हणजे मळता येणाऱ्या मऊ चिकट वडीने, उचलावे लागते. क्लेचेही अगदी फिके ओरखडे उमटतात. ते पॉलिशमध्ये निघून जातात, म्हणून क्ले नेहमी पॉलिशच्या आधी.

आमच्या शेडमध्ये येणारे गिऱ्हाईक मात्र एकच वाक्य बोलायचे, ‘‘धुवायचं राहू द्या, डायरेक्ट मशीन मारा, संध्याकाळी लग्नाला जायचंय.’’

शेंगाचटणी

लहानपणी तापलेल्या डांबरी रस्त्यावरून अनवाणी आलो की आजी तळव्यांना शेंगदाण्याचे तेल चोळून डांबर काढत असे. त्याच आधारावर मी मागच्या बंपरवर तेलाचा बोळा दहा मिनिटे दाबून ठेवला. डांबर खरोखरच मऊ होऊन निघाले. नंतर तेल धुवायचे मी विसरलो आणि विजापूर रोडवरची सगळी धूळ त्या बंपरवर वस्तीला आली. सकाळी मुंग्याही आल्या होत्या. सौभाग्यवतींनी वर थोडा लसूण घालायला सुचवले.

पिस्टन

आजींचे शास्त्र बरोबर होते, शेंगाचटणी. डांबर तेलकट पदार्थातच विरघळते, पाण्याने आणि साबणाने ते हलत नाही. आम्ही पूर्वी रेशनचे निळे रॉकेल वापरत असू. आता टार रिमूव्हर मिळतो. तो नसेल तर रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन फडक्याला लावून ठिपक्यावर ठेवावे. चोळू नये, मिनिटभर थांबून एकाच दिशेने टिपावे आणि फडक्याची बाजू लगेच बदलावी, नाहीतर निघालेले डांबर पुढच्या जागी पसरते. रबराच्या पट्ट्या आणि काळे प्लास्टिक यांपासून ते दूर ठेवावे आणि शेवटी ती जागा शाम्पूने धुवावी. नुकताच टचअप केलेला रंग असेल तर मात्र टर्पेंटाइन लावूच नये. कच्चा रंग सुरकुततो. हे मी गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकलो आणि पूर्ण दार स्वखर्चाने रंगवून दिले.

मालदांडी

आमच्या भागात डांबरापेक्षा काळी माती भारी पडते. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि वाळली की खडकासारखी बसते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातून थेट रस्त्यावर येतात, त्यांच्या चाकांची माती मागच्या गाड्यांवर उडते आणि वरून साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी पडते. एका वर्षी मी मडगार्डच्या कडेला बसलेले ढेकूळ नखाने उचकटले. त्याबरोबर रंगाची खपलीही आली, कारण तिथे आधीच खडा लागून रंग सुटलेला होता.

तेव्हापासून मी जुने टॉवेल पाण्यात भिजवून दारांच्या खालच्या भागावर चिकटवून ठेवतो आणि पंधरा मिनिटे चहाला जातो. परत येईपर्यंत माती आपोआप सुटून खाली घरंगळते. उजनीच्या पाण्याकाठाने संध्याकाळी गाडी चालवली की समोर चिलटांचा जो लेप बसतो, त्यालाही हेच औषध चालते. तो लेप मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, कारण उन्हात तो रंगावर डाग पाडतो.

पंचरंगी

मालदांडी, टॉवेलांचा हा उपयोग आप्पांना फार आवडला असता. आमच्या घरी भिजवून ठेवायला अजून दोन डझन आहेत.

शेंगाचटणी

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि आपण ते गाडीच्या चिखलाला गुंडाळतो आहोत, याची नोंद व्हावी.

पिस्टन

भिजवून गुंडाळायला चालेल, घासायला नको. कोऱ्या टॉवेलात खळ असते आणि काठाची शिवण कडक असते. ती रंगावर फिरली की रेघ उठते. पुसण्यासाठी मायक्रोफायबरच घ्यावे आणि तेही जमिनीवर पडले तर पुन्हा धुतल्याशिवाय वापरू नये.

लोहमार्ग

माझे उदाहरण जरा वेगळे आहे. आम्ही रेल्वे लाइनीला लागून राहतो आणि गाडी आठ वर्षे कुंपणाशेजारी उभी असते. पांढऱ्या रंगावर नारिंगी ठिपके दिसू लागले, तेव्हा पत्रा आतून गंजला असे समजून मी घाबरलो. पेंटरने तर पूर्ण छत रंगवण्याचा खर्चही सांगितला. प्रत्यक्षात रूळ, चाके आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे बारीक कण रंगात रुतले होते आणि ते कण गंजत होते. पत्रा धडधाकट होता. आपल्याच गाडीच्या ब्रेकची पूडही चाकांवर आणि मागच्या भागावर अशीच बसते.

यासाठी आयर्न रिमूव्हर म्हणून जो फवारा मिळतो, तो सावलीत, थंड पत्र्यावर मारावा. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक कणापासून जांभळा ओघळ सुटतो. माझे अख्खे छत जांभळे झाले आणि शेजारचे काका धावत येऊन म्हणाले, ‘‘अहो, गाडीला काय झालं हे?’’ त्यातल्या थायोग्लायकोलेटची लोखंडाशी क्रिया होऊन तो रंग येतो. वास मात्र सडक्या अंड्यासारखा असतो. केस काढायच्या क्रीमचा वास आठवा, कारण त्या क्रीममध्येही याच जातीचे रसायन असते. हातमोजे घालावेत आणि फवारा वाळू न देता पाण्याने पूर्ण धुवावा. मला दोनदा मारावा लागला. छत आजही मूळ रंगाचेच आहे.

कंबर तलाव

सावलीचा उल्लेख आला म्हणून माझी चूक सांगते. मे महिन्यात, सकाळी अकरा वाजता, गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या काळ्या गाडीला मी बोअरच्या पाण्याने अंघोळ घातली. बॉनेटवर हात ठेववत नव्हता. शाम्पू धुण्याआधीच वाळला आणि जड पाण्यातला क्षार पांढऱ्या वर्तुळांच्या रूपाने मागे राहिला. म्हणजे रस्त्याची घाण काढायला गेले आणि त्यावर घरची घाण चढवली. नंतर पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी एकत्र करून ओल्या फडक्याने लावले, अर्ध्या मिनिटात धुतले. तेव्हा बहुतेक वर्तुळे गेली. जी रंगात खोल गेली होती ती पॉलिशनेच गेली. आता मी सूर्य उगवण्याआधी धुते आणि शेवटचे पाणी नळाचे वापरते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे गाडीचा मुहूर्तही नळच ठरवतो.

होटगी रोड

कंबर तलाव, आमच्याकडे पाणी येते त्या दिवशी आधी हंडे, मग बॅरल, मग कपडे, आणि गाडीचा क्रमांक लागेपर्यंत नळ जातो. मी ओल्या फडक्यावरच भागवत होतो; आता वरचे वाचून ते बंद केले आहे.

पंचरंगी

क्लेविषयी कोणी हातचा अनुभव लिहील का? काल आणलेली शंभर ग्रॅमची वडी माझ्यासमोर आहे आणि ती अगदी लहान मुलांच्या मातीसारखी दिसते.

पिस्टन

पूर्ण वडी एकदम घेऊ नये, अर्धी कापून घ्यावी. अर्धी पडली तर अर्धी उरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती फार मऊ होऊन रंगाला चिकटते, म्हणून गार पाण्याच्या भांड्यात ठेवावी; थंडीत कडक झाली तर कोमट पाण्यात. तळहाताएवढी चपटी करून, दोन वीत जागेवर शाम्पूचे पातळ पाणी भरपूर फवारून, ती सरळ रेषेत पुढे-मागे न्यावी. गोल फिरवू नये आणि दाबू तर मुळीच नये. सुरुवातीला अडखळते, खसखस आवाज येतो. मग आवाज थांबतो आणि वडी तेलावरून सरकल्यासारखी सरकते. तेव्हा तिथले काम झाले. वडी उलटून पाहा, तपकिरी रेघ दिसेल. ती आत मळून टाकायची आणि नवी बाजू काढायची. मॅट रंगाच्या गाडीला क्ले लावू नये.

आणि वडी जमिनीवर पडली तर ती गेली. धुऊन चालत नाही, कारण वाळू तिच्या पोटात शिरते.

मालदांडी

माझी पहिल्याच दिवशी अंगणात पडली होती. तीनशे रुपयांच्या मोहाने मी ती धुऊन वापरली आणि पुढच्या दारावर इंग्रजी एस काढला. तो अजून आहे.

पंचरंगी

आज पहाटे डाव्या बाजूची दोन दारे केली. आधी टॉवेल भिजवून लावले, मग धुतले, डांबराचे सतरा ठिपके टर्पेंटाइनने टिपले, जांभळे ओघळ पाहिले आणि शेवटी क्ले घेतली. पिस्टन यांनी लिहिल्याप्रमाणे खसखस आवाज आला आणि चौथ्या-पाचव्या फेरीत तो खरोखर थांबला. माझ्या कानात 1997 ची करकर होती म्हणून असेल, त्या शांततेत मी उगाच दोन मिनिटे हात फिरवत बसले.

पिशवी घालून डाव्या आणि उजव्या दारावर आईचा हात फिरवून घेतला. ती म्हणाली, ‘‘हे काच, ते किसणी.’’ उजवी बाजू पुढच्या पाण्याच्या दिवशी होईल, पॉलिश त्यानंतर. तो पिवळा टॉवेल मी टाकलेला नाही, पण गाडीपासून लांब ठेवला आहे.