१८५६ पासून सांगून राहिले, मग आपण ऐकलं काहून नाही?

पराटीवाला (यवतमाळ):
दसऱ्याच्या तोंडावर पाऊस लागला तो आठ दिवस उघडलाच नाही, सोयाबीन उभ्या झाडावर ओलं, शेंग सोलली तर आत पांढरा कोंब. लोक म्हणतात निसर्ग कोपला. मले हे पटत नाही. माणसाच्या धुरानं हवा तापली म्हणून पाऊस असा बिघडला, असं मले वाटते, आन धुरातल्या वायूनं हवा तापते हे शास्त्रज्ञ कधीचे सांगून राहिले. युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईने १८५६ मध्ये, म्हणजे आपल्या उठावाच्या एक वर्ष आधी, काचेच्या नळ्या उन्हात ठेवून पाहिल्या, तर कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापली आन सावलीत आणल्यावर लवकर थंडही होईना. १८९६ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञ अर्‍हेनियसने कोळसा जाळून निघणारा हा वायू हवेत वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोबच मांडला. पणजोबाच्या काळातली गोष्ट हाये ही! मग इतकी वर्ष माणूस झोपला होता का?

खाणवाला (घुग्घुस):
भाऊ, तुमचं नुकसान समजते, माझ्या सासऱ्याचीही वणीकडे कोरडवाहू हाये. पण अर्‍हेनियसचं अर्धंच सांगितलं तुम्ही. त्याले भीती नव्हती वाटली, उलट थंड देशातलं हवामान सुधारेल असं तो म्हणे, आन तेही व्हायला लय वर्ष लागतील. मग त्या काळच्या लोकांना दोष कसा देता? आन हा 'माणूस' म्हणजे कोण? लोडशेडिंगमध्ये रात्री दोनला टॉर्च घेऊन ओलिताले तुम्हीच जात होते ना, तेव्हा लाइट पाहिजे होती का नाही? चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र कोळशावर चालते, राख आमच्या छपरावर, वीज पुण्या-मुंबईले. मी कोळशाच्या खाणीत पाळी करतो म्हणून घर चालते.

वर्धेची मास्तरीण:
दादा, अर्‍हेनियसचं तुमचं बरोबर आहे, म्हणूनच मी १८९६ धरतच नाही, १९७९ धरते. अमेरिकन शास्त्रज्ञ कीलिंगने १९५८ पासून हवाई बेटावरच्या मौना लोआच्या डोंगरावर मोजायला घेतलं तेव्हा कार्बन डायऑक्साइड हवेत दहा लाखात ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या चार्नी समितीने सांगितलं की तो दुप्पट झाला तर तापमानात साधारण ३ अंश वाढ, दीड इकडे-तिकडे. १९८८ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञ हॅन्सेनने अमेरिकेच्या सिनेटपुढे सांगितलं की तापणं सुरू झालंय. १९९२ मध्ये ब्राझीलच्या रिओत देशांनी हवामान बदलाच्या करारावर सह्या केल्या. त्यानंतर जगाने जेवढा धूर सोडला तो सगळा माहीत असून सोडला, आणि तो ठरवणारे घुग्घुसच्या खाणीत पाळी करत नव्हते. माझा राग त्यांच्यावर आहे.

पराटीवाला:
ताई, १९७९ मान्य. दादा, तुमच्यावर बोट नव्हतंच, 'आपण' लिहिलं ते चुकलं माझं.

खाणवाला:
ताईचं सह्यांचं पटलं. पण मले एक सांगा, त्या कागदात माझ्यासारख्याचं पुढे काय ते कुठं हाये? खाण संपली की खड्ड्यात पाणी साचते, पोरं दुसऱ्या गावी ठेकेदारीवर जातात, हे मी डोळ्यानं पाहिलं. उद्या कोळसा बंद म्हणता, त्याच्या आधी पर्यायी काम लेखी द्या, मग तुमच्या बाजूनं मीच पहिला बोलतो. तोवर नाही.

पराटीवाला:
मागणी रास्त हाये दादा. माझ्याकडं तीन क्विंटल कोंबाळलेलं सोयाबीन पडलं हाये, व्यापारी हात लावून परत गेला, बियाण्याले चालत नाही, वास सुटला. त्याचंही कोणत्या कागदात नाही.