मदत हवी आहे : बेसबॉलच्या चेंडूसारखा कोरलेला भोपळा आठ-नऊ दिवस कसा टिकवावा?

दरवर्षी वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका) पहिल्या सामन्याला घरात पांढरा भोपळा (लुमिना जातीचा, साधारण 5 किलोचा) चेंडूसारखा कोरतो आणि हॅलोविनपर्यंत (31 ऑक्टोबर) दाराबाहेर ठेवतो. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली की पंचाईत. 2025 मध्ये पहिला सामना 24 ऑक्टोबरला होता, सातवा थेट 1 नोव्हेंबरला. तोवर आतून बुरशी येते आणि शिवणीच्या कडा आत वळतात.

ठिकाण न्यू जर्सी, ओटा दक्षिणमुखी, दुपारी ऊन. फ्रीजमध्ये एवढी जागा नाही.

सध्याची पद्धत: भोक वरून न पाडता बुडाला. गर खरवडून भिंत 2.5 सेंटिमीटर. 4 लिटर पाण्यात 1 मोठा चमचा ब्लीच घालून आतून-बाहेरून फवारणी, पूर्ण सुकवून कापलेल्या कडांना व्हॅसलीन. आत सेलवरचा दिवा. खऱ्या ज्योतीच्या उष्णतेने गर शिजतो. खऱ्या चेंडूवर 108 दुहेरी टाके असतात, जपमाळेच्या मण्यांइतके! आपण प्रत्येक बाजूला वीसेक कोरतो, तेही आरपार.

आरपार न कापता फक्त साल 3-4 मिलिमीटर खरवडली, तर बुरशी उशिरा येते का, की उघडा गर लगेच तपकिरी पडतो? टाक्यांना लाल ॲक्रिलिक रंग द्यायचा आहे, पण व्हॅसलीनवर तो धरत नाही. मग रंग आधी की फवारणी आधी, आणि रंगावर पुन्हा ब्लीचचं पाणी मारलं तर चालेल का?