एस्केप दाबलं आणि प्रसंगच गेला. गेममधल्या कोणत्या गोष्टींनी तुम्हाला वैताग येतो?

रात्रीचा_तास

नमस्कार मंडळी. या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो, पण परवा जे झालं त्यानंतर राहवलं नाही.

आधी माझी परिस्थिती सांगतो, कारण प्रश्न त्यातूनच आलाय. वडील गेलं वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. रात्री त्यांच्याजवळ मी असतो. दहाच्या सुमारास त्यांचा डोळा लागतो आणि पुढचा तास-दीड तास माझा असतो. शेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून, एकाच कानाला हेडफोन लावून मी गेम खेळतो. त्यांनी हाक मारली की उठायचं, तेही लगेच. कधी कूस बदलायची असते, कधी पाणी हवं असतं, कधी जवळ कुणी आहे ना, एवढीच खात्री करून घ्यायची असते.

तर परवाची गोष्ट. कथेवर चालणारा मोठा गेम आहे, नाव मुद्दाम घेत नाही. महिनाभर खेळत होतो, चाळीसेक तास झाले होते. नायकाची बहीण पहिल्याच प्रकरणात हरवते आणि सगळा खेळ तिच्या शोधाचा. परवा रात्री ती सापडली. दार उघडलं, ती पाठमोरी उभी होती, मान वळवायला लागली आणि नेमकी तेव्हाच बाबांची हाक आली. मी एस्केप दाबलं. वीस वर्षं हाताला सवय आहे, एस्केप म्हणजे थांब. स्क्रीन काळी झाली आणि दुसऱ्या क्षणी माझा नायक मोकळ्या माळावर उभा. वर कोपऱ्यात नवीन काम आलेलं: तळावर परत जा.

कटसीन (म्हणजे फक्त बघायचा, सिनेमासारखा प्रसंग) चालू असताना त्या गेममध्ये एस्केप म्हणजे पॉज नाही, स्किप. ‘नक्की वगळायचं का?’ एवढंही विचारलं नाही.

बाबांचं सगळं आवरून आलो आणि जुना सेव्ह शोधायला लागलो. ऑटोसेव्हची, म्हणजे गेम आपोआप करतो त्या सेव्हची, जागा एकच, तिच्यावर माळावरचा सेव्ह चढलेला. मी हाताने केलेला सेव्ह दोन दिवस जुना. शेवटी तो प्रसंग मी व्हिडिओवर पाहिला, दुसऱ्या कुणीतरी खेळलेला. त्याच्या नायकाच्या अंगावर माझं नसलेलं चिलखत होतं आणि बहीण वळून त्याला बिलगली.

गेम अवघड असला तर माझी काही तक्रार नाही. एका बॉससमोर (टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू) पन्नास वेळा मेलोय आणि एकावन्नाव्या वेळी हात थरथरत असताना जिंकलोय, तो आनंद मला ठाऊक आहे. त्रास होतो तो जिंकलेलं पुन्हा जिंकायला लावतात त्याचा. बॉसच्या आधी तीन मिनिटांचं संभाषण, ते वगळता येत नाही आणि प्रत्येक मरणानंतर पुन्हा ऐकायचं. म्हणजे एका गेममध्ये जे बघायचंय ते एका बटणात निसटतं आणि दुसऱ्यात जे पाठ झालंय ते सुटत नाही! सेव्ह करायच्या जागा इतक्या लांब लांब की बाबांनी मध्येच बोलावलं तर चाळीस मिनिटांची वाटचाल पाण्यात. आणि ते ‘माझ्यासोबत चल’ म्हणणारं पात्र: आपण चाललो तर ते पुढे निघून जातं, धावलो तर मागे राहतं. चार पावलं धाव, थांब, पुन्हा धाव. ते बोलत असतं महत्त्वाचं, माझं सगळं लक्ष पायांकडे.

तुम्हाला असा त्रास कशाचा होतो? आणि गेम बनवणारं कुणी इथे असेल तर मनापासून विचारतो: कुठेही थांबता येणं, कुठेही सेव्ह करता येणं, हे खरंच इतकं अवघड असतं का?

डावखुरी

तुमचं वाचून वाईट वाटलं. बाबांना आराम पडो.

माझा त्रास कळांचा. मी डावखुरी आहे, माऊस डाव्या हातात, त्यामुळे प्रत्येक गेममध्ये पहिलं काम कळा बदलून घेणं. काही गेम बदलूच देत नाहीत, ते मी परत करून टाकते. पण त्याहून जास्त डोकं फिरवतात ते बदलू देऊनही विसरणारे. ‘वापरा’ची कळ मी ई वरून काढून उजवीकडे नेली, सेटिंगमध्ये तसं दिसतंयही, पण दारापाशी गेलं की स्क्रीनवर ‘ई दाबा’. शत्रू अंगावर आलेला असताना अर्ध्या सेकंदात मनातल्या मनात भाषांतर करायचं!

दुसरं, एकच बटण भराभर बडवायला लावणं. दार उचला, बडवा. कुणी गळा धरला, बडवा. माझ्या मनगटाला जुनं दुखणं आहे. त्या बडवण्यात कसलं कौशल्य लागतं हे मला कुणीतरी समजावून सांगावं. दाबून धरण्याचा पर्याय दिला तर कुणाचंही काही जात नाही. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’मध्ये (२०२०) साठहून जास्त ॲक्सेसिबिलिटी सेटिंग (शारीरिक अडचण असणाऱ्यांनाही खेळता यावं म्हणून दिलेले पर्याय) होत्या, त्यात हाही होता. तो खेळताना पहिल्यांदा वाटलं की हे बनवताना माझ्यासारख्या हाताचा कुणीतरी विचार केलाय.

कटसीनच्या मध्येच ‘हे बटण दाब नाहीतर मर’ हा प्रकारही नको. २००५ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल फोर’मध्ये तो भरपूर होता. २०२३ च्या नव्या आवृत्तीत कटसीनमधलं ते बटण-प्रकरण काढलं, चाकूची मारामारीसुद्धा खरोखर आपण खेळतो. गेम त्याने जराही मिळमिळीत झाला नाही.

तिसरा_प्रयत्न

थोडा असहमत आहे, राग मानू नका. एस्केपचं जे झालं ते वाईटच, त्यावर वाद नाही. पण ‘कुठेही पॉज, कुठेही सेव्ह’ हा सरसकट हक्क धरला तर काही खेळांचा जीवच जातो.

पहिला ‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) आठवा, झोंबींनी भरलेल्या वाड्यातला. टाइपरायटरवर सेव्ह, त्याला शाईची फीत लागायची आणि फिती मोजक्या. दोनच उरल्यात, आत्ता सेव्ह करू की पुढच्या खोलीपर्यंत धीर धरू, ही भीती त्या फितीतूनच यायची. दर पावलाला सेव्ह मिळाला असता तर तो वाडा नुसता वाडा राहिला असता. ‘डार्क सोल्स’ मालिकेतही मेनू उघडला तरी जग थांबत नाही, म्हणून लढाईच्या मध्यावर औषध शोधताना छातीत धडधडतं. मला ती धडधड हवी असते.

रात्रीचा_तास

राग कसला, उलट बरं झालं तुम्ही हे काढलंत. फितीचं मला पटतं. पण दोन वेगळ्या गोष्टी आपण एकात घालतोय असं वाटतं.

एक सेव्ह असतो चूक पुसायला: मेलो, परत मागे गेलो. तो मोजून-मापून द्या, माझी हरकत नाही. दुसरा असतो उठून जायला. गेमबॉय ॲडव्हान्सवरच्या ‘फायर एम्ब्लेम’मध्ये लढाई अर्धी असताना खेळ बंद करता यायचा, परत लावला की तिथूनच सुरू. केलेली चाल मागे घेता येत नव्हती, मेलेला सैनिक जिवंत होत नव्हता. खेळ तितकाच कठोर, फक्त माणसाला जागेवरून उठता येत होतं.

आणि धडधडीचं म्हणाल तर ‘सेकिरो’ (२०१९) त्याच ‘डार्क सोल्स’वाल्यांचा. त्यात पॉज आहे. तो सोपा आहे असं म्हणणारा मला अजून भेटायचाय! पुढे ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) त्यांनी बऱ्याच बॉसच्या दाराजवळच पुन्हा उभं राहायची सोय केली. म्हणजे दर वेळी तीच वाट तुडवणं हा अवघडपणाचा भाग नव्हता, हे बहुधा त्यांच्याही लक्षात आलं असावं. ‘एल्डन रिंग’मध्ये सरळ पॉज मात्र नाही. ऑनलाइन खेळताना तिथे दुसरा खेळाडू आपल्या जगात घुसू शकतो, तेव्हा जग थांबवता येणार नाही हे मान्य. पण ऑफलाइन खेळणाऱ्याला का नाही?

बिल्ड_फेल

मी एका छोट्या टीममध्ये प्रोग्रामिंग करतो. धागाकर्त्यांनी मनापासून विचारलंय, तर मीही मोकळेपणाने सांगतो.

कुठेही सेव्ह हे खरंच अवघड आहे. सेव्ह म्हणजे फोटो नव्हे. त्या क्षणी जगात जे जे चालू आहे ते सगळं लिहून काढायचं आणि नंतर हुबेहूब उभं करायचं. अर्धं उघडलेलं दार, हवेत फेकलेला बाँब, संशय येऊन आपल्याकडे चालत निघालेला पहारेकरी, संवादाची अर्धी म्हटलेली ओळ. यातलं एक जरी लिहायचं राहिलं तर लोड केल्यावर दार कायमचं अडकतं आणि खेळाडू आतच कोंडला जातो. गोळी डोक्यापासून वीतभर असताना सेव्ह झाला तर ती फाईल जन्माची मेलेली. चेकपॉइंटला, म्हणजे आम्ही ठरवलेल्या सेव्हच्या जागांना, काय होतं, मोजक्याच ठिकाणी जग कसं असणार हे आम्हाला आधीच माहीत असतं, तेवढंच तपासावं लागतं. कुठेही सेव्ह द्यायचा हे पहिल्या महिन्यात ठरलं तर जमतं. शेवटच्या महिन्यात कुणाला आठवलं तर प्रत्येक गोष्ट उकलून पुन्हा शिवायची.

कटसीनमध्ये पॉज का नसतो? आमच्याकडे पॉज म्हणजे खेळाच्या घड्याळाचा वेग शून्य करणं. माणसं थांबतात, पण आवाज त्या घड्याळावर चालतच नाही, तो पुढे बोलत राहतो. पॉज मेनूचं ॲनिमेशन त्याच घड्याळावर असेल तर मेनूच गोठतो. आमच्या पहिल्या गेममध्ये पॉज केल्यावर पात्राचे ओठ थांबायचे आणि वाक्य पूर्ण व्हायचं. दोन आठवडे लागले ते नीट करायला. स्किपचंही तसंच. वगळल्यावर पात्रं, दारं, हातातल्या वस्तू कटसीनच्या शेवटी असतात तिथे ठेवाव्या लागतात. शिवाय पुष्कळदा कटसीनच्या आडून पुढचा भाग लोड होत असतो, तो झाल्याशिवाय स्किप देताच येत नाही. फटीतून अंग चोरून जाणं, लांबलचक लिफ्ट, यातही बरेचदा हेच दडलेलं असतं.

(लोडिंगवरून आठवलं. प्लेस्टेशनवरचा ‘रिज रेसर’ लोड होताना ‘गॅलॅक्सियन’ खेळायला मिळायचा. लोड होताना छोटा खेळ देण्याचं पेटंट नामको कंपनीकडे होतं, १९९५ चा अर्ज, २०१५ मध्ये मुदत संपली. वीस वर्षं बाकीचे या कल्पनेपासून लांब राहण्यात या पेटंटचा मोठा हात होता.)

आता हेही सांगतो. ‘नक्की वगळायचं का?’ ही पाटी टाकणं एका दुपारचं काम आहे. स्किपसाठी बटण दोन सेकंद दाबून धरायला लावणं त्याहून कमी. ऑटोसेव्हच्या एकाऐवजी तीन जागा ठेवणं हेही फार मोठं काम नाही. ऑफिसात आम्ही सलग बसून खेळतो, आम्हाला कुणी हाक मारत नाही, म्हणून ते सुचत नाही. सोबतच्या पात्राचा वेग खेळाडूच्या वेगाशी बांधणंही जमतं. ते राहून गेलेलं दिसलं तर समजायचं की यादीत खाली ढकललं गेलं.

तोवर एक उपाय. विंडोजवर असाल तर रिसोर्स मॉनिटर आधीच उघडून ठेवा. सीपीयूच्या टॅबमध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक केलं की ‘सस्पेंड प्रोसेस’ येतं. सगळा गेम आहे तिथे गोठतो, कटसीनसकट. परत आल्यावर ‘रिझ्युम’. ऑनलाइन गेमवर मात्र करू नका आणि पहिल्यांदा बिनमहत्त्वाच्या जागी करून बघा, एखादा गेम बंदही पडतो. स्टीम डेकवर (हातात धरून खेळायचं यंत्र) हेच पॉवरच्या बटणाने होतं.

शांत_कोपरा

रिसोर्स मॉनिटरचं माहीतच नव्हतं, आभार.

माझ्याकडून एकच. ‘ऑकरिना ऑफ टाइम’मधलं (१९९८) पाण्याचं मंदिर. कोडी सुरेख, पण तळाशी जायला लागणारे लोखंडी बूट घालायला आणि काढायला दर वेळी मेनू. बुडायचंय, मेनू. तरंगायचंय, मेनू. २०११ च्या थ्रीडीएस (निन्टेन्डोचं हातातलं यंत्र) आवृत्तीत ते बूट थेट एका बटणावर लावायची सोय झाली आणि मंदिराची कीर्तीच बदलली माझ्यापुरती. पाणी तेच, कोडी तीच.

रात्रीचा_तास

सगळ्यांचे आभार, बिल्ड_फेल यांचे विशेष. इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दारं आणि बाँबचं वाचल्यावर चेकपॉइंटवरचा माझा अर्धा राग गेला. पाटीवरचा नाही गेला.

दोन दिवस जुन्या सेव्हवरून पुन्हा खेळत गेलो. रिसोर्स मॉनिटर मागे उघडा ठेवला होता. काल रात्री त्या दारापाशी पोचलो. बाबा शांत झोपले होते, म्हणून आत शिरलो, आणि ती बोलायला लागली तेवढ्यात त्यांनी हाक मारली. तीन सेकंद लागले गोठवायला. चादर बदलायची होती, मग त्यांना गप्पा माराव्याशा वाटल्या, अर्धा तास गेला. परत येऊन रिझ्युम केलं तर आवाज जरा पुढे पळाला आणि तिचे ओठ मागे राहिले, अगदी तुम्ही म्हणालात तसं. दोन वाक्यांनी जुळलं. प्रसंग शेवटपर्यंत पाहिला.

त्या गेमच्या टीमला मी लिहिलंय. दोनच मागण्या: कटसीनमध्ये एस्केप दाबल्यावर आधी विचारा आणि ऑटोसेव्हच्या तीन जागा ठेवा. डावखुरी, कळा बदलल्यावर स्क्रीनवर जुनीच कळ दिसते का ते या गेममध्ये तपासलं नाहीये. आज रात्री बघतो, तसं असेल तर तिसरी मागणी म्हणून तेही कळवतो.