शपिरो असते तर? उपाध्यक्षाचा उमेदवार निवडताना बेरीज करावी की माणूस बघावा

नदीकाठ
गेल्या आठवड्यात पिट्सबर्गकरांनी लिहिलं की २०२४ मध्ये कमला हॅरिस एकाच चुकीमुळे हरल्या: पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो हाताशी असताना मिनेसोटाच्या टिम वॉल्झना सोबत घेतलं. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात आणि राज्य जिंकणाऱ्याला ती बहुतेक ठिकाणी सगळी मिळतात. हॅरिसना मिळाली २२६. पेनसिल्व्हेनियाची १९ धरून होतात २४५. जिंकायला लागतात २७०. उरलेली २५ शपिरो कुठून आणणार होते?

घरचं राज्य जिंकून देणारा जोडीदार, ही समजूत १९६० च्या एका दाखल्यावर तगून आहे. केनेडींनी लिंडन जॉन्सनना घेतलं आणि टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी मिळालं. पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. १९८८ मध्ये टेक्सासचेच बेंटसन अध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस यांचे जोडीदार होते, टेक्सास गेलं. २००४ मध्ये तिथलेच एडवर्ड्स जोडीदार असून नॉर्थ कॅरोलायना गेलं. २०१२ मध्ये तिथलेच रायन जोडीदार असून विस्कॉन्सिन गेलं.

उलट हे बघा. आजवर ४५ माणसं अमेरिकेची अध्यक्ष झाली. त्यातले ९ जण उपाध्यक्ष असताना अचानक त्या खुर्चीत आले, आठ जण आधीच्या अध्यक्षाच्या मृत्यूनंतर आणि फोर्ड निक्सनच्या राजीनाम्यानंतर. पाचातला एक! ट्रूमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते. रूझवेल्ट गेले आणि अणुबॉम्बची पुरती माहिती त्यांना त्यानंतर मिळाली. अशा जागेसाठी माणूस निवडताना एका राज्याची मतं मोजत बसायचं, याची मला मनापासून चीड येते.

पिट्सबर्गकर
बेरीज अर्धीच केलीत आणि चिडलात माझ्यावर. पेनसिल्व्हेनिया १९, मिशिगन १५, विस्कॉन्सिन १०. यात २२६ मिळवा. बरोबर २७०. आणि ही तीन राज्यं १९९२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत एकाच बाजूला गेली आहेत. एकीकडचं वारं फिरलं की तिन्हीकडचं फिरतं.

मी इथे पेनसिल्व्हेनियात बावीस वर्षं राहतो. त्या ऑक्टोबरात दर शनिवारी दारोदार फिरलो. जुन्या पोलाद कामगारांच्या वस्तीत एका आजोबांनी मला पायरीवर बसवून पाणी दिलं आणि म्हणाले, आमच्या गव्हर्नरला मी मत देतो, पण या बाईंना मी ओळखत नाही. तुम्ही पुस्तकातले दाखले देता, मी ते दार बघितलंय. सव्वा लाख मतांच्या आत हरलो आम्ही इथे.

नदीकाठ
२७० ची बेरीज मी केली नव्हती, हे मान्य. पण मिशिगनमध्ये डिअरबॉर्नच्या अरब मतदारांत गाझावरून आधीच संताप होता. तिथे इस्रायलच्या बाजूचे शपिरो मतं वाढवणार होते हे तुम्ही कशावरून म्हणता? एका आजोबांवरून?

पिट्सबर्गकर
त्या आजोबांना नावं ठेवू नका. तुम्ही किती दारं वाजवलीत ते आधी सांगा.

नाशिककर_७२
दोघेही मुद्दा सोडून भांडताय. जोडीदार मतं आणतो की नाही ते राहू द्या, तो घात करू शकतो हे नक्की. म्हणून तर वकिलांची फौज बसते, आयकराची विवरणपत्रं, दवाखान्याची कागदपत्रं, जुनी भाषणं, सगळं उलटंपालटं करून बघतात. २००० मध्ये बुशसाठी हा शोध डिक चेनी घेत होते आणि शेवटी निवड झाली त्यांचीच. दोघेही टेक्सासचे ठरले असते तर टेक्सासच्या इलेक्टर्सना, म्हणजे राज्याच्या वतीनं इलेक्टोरल मत देणाऱ्यांना, दोघांनाही मत देता आलं नसतं, म्हणून चेनींनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली.

आणि चौकशी नीट केली नाही की १९७२ होतं. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्ननी मिझुरीचे सिनेटर ईगल्टन जोडीदार म्हणून घाईत निवडले. मग बाहेर आलं की ते नैराश्यासाठी तीनदा रुग्णालयात राहिले होते आणि दोनदा विजेचे शॉक घेतले होते. अठरा दिवसांत नाव मागे. असा माणूस अण्वस्त्रांच्या इतक्या जवळ जायलाच नको होता.

कऱ्हाडची लेक
सहसा नुसती वाचते. हे वाचून गप्प बसवलं नाही.

माझ्या आईला १९८६ मध्ये शॉक दिले होते. जेवण बंद, बोलणं बंद, मी नववीत. सांगलीला नेलं, सहा वेळा दिले. दोन महिन्यांनी ती उठून स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, वेणी घट्ट नाही घातलीस. पुढे वीस वर्षं तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेतला. एक दिवस कामात चूक नाही. 'असा माणूस' म्हणजे कसा माणूस, नाशिककर?

नाशिककर_७२
ताई, तुमच्या आईंबद्दल एक शब्दही बोललो नाही. माझा आक्षेप आजारावर नाही, लपवण्यावर आहे. मॅकगव्हर्नच्या माणसांनी विचारलं तेव्हा ईगल्टननी सांगितलं नाही. आमच्या घरात पुतण्याच्या लग्नात हेच झालं. मुलीचं औषध चालू होतं, आम्हाला कळलं सहा महिन्यांनी. दोन्ही घरं होरपळली. आधी सांगितलं असतं तर आम्ही नक्की समजून घेतलं असतं.

कऱ्हाडची लेक
नसतं घेतलं. आम्ही सांगितलं होतं. मोठ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न होतं, बाबांनी स्वतः जाऊन सगळं मोकळेपणानं सांगितलं. चौथ्या दिवशी मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आधी पत्रिका जुळली होती. त्यानंतर बाबांनी कुणाला काही सांगितलं नाही आणि मी त्यांना दोष देत नाही.

मॅकगव्हर्न आधी म्हणाले होते की ते ईगल्टनच्या पाठीशी हजार टक्के आहेत. आठवड्यात सोडून दिलं. मग काय जिंकले? मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन, बस्स. ईगल्टनना मात्र मिझुरीच्या लोकांनी १९७४ मध्ये पुन्हा सिनेटवर पाठवलं, १९८० मध्येही. सगळं कळल्यावर पाठवलं.

पिट्सबर्गकर
धागा शपिरोंवर होता. कुठल्या कुठे गेलाय.

नदीकाठ
धागा माझा आहे आणि तो योग्य ठिकाणी गेलाय असं मला वाटतं.

लपवण्याबद्दल बोलायचंच तर मोठ्यांचं बघा. १९६० मध्ये केनेडींना ॲडिसनचा आजार, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा गंभीर विकार होता आणि प्रचारात तो सरळ नाकारला गेला. १९१९ मध्ये विल्सनना पक्षाघात झाला, ते किती आजारी आहेत हे देशाला कळू दिलं नाही, उपाध्यक्ष मार्शलना दूर ठेवलं. १९४४ मध्ये रूझवेल्टचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं, मतदारांना नव्हतं. पक्षाच्या पुढाऱ्यांना त्यांची तब्येत दिसत होती, म्हणूनच त्यांनी तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेसना काढून ट्रूमनना पुढे केलं. पुढचा अध्यक्ष आपण ठरवतोय याची त्यांना कल्पना होती. मला म्हणायचं होतं ते हेच. त्यांनी राज्यांची बेरीज केलीही असेल, तरी खुर्ची डोळ्यापुढून हलू दिली नाही.

पिट्सबर्गकर
ट्रूमनही मिझुरीचेच. आणि वॉलेसना काढलं ते दक्षिणेतले डेमोक्रॅट नाराज होते म्हणूनही. बेरीज तिथेही होतीच. खुर्चीचा विचार हवा हे मी कधी नाकारलं? पण निवडणूक हरलात तर ती खुर्ची येते कुठून?

नदीकाठ
हे पहिल्यांदा सरळ बोललात. वॉलेसबद्दल तुमचं बरोबर आहे. शपिरोंबद्दल नाही.

नाशिककर_७२
ईगल्टन पुन्हा निवडून आले हे मला माहीत नव्हतं. तेही दोनदा. तेवढं मान्य करतो, आणि 'असा माणूस' हे शब्द मागे घेतो. लपवण्याबद्दलचं मत बदलत नाही.

ताई, बहिणीचं पुढे काय झालं?

कऱ्हाडची लेक
दोन वर्षांनी झालं लग्न. भावोजींना तिनं स्वतः सांगितलं, पहिल्याच भेटीत, बाबांना न विचारता. आईचं शेवटचं आजारपण त्यांनीच काढलं.